सीमासुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय व्यापार धोरणातील करिअर: नागपूर-विदर्भातील विद्यार्थी व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेले विद्यार्थी, नोकरी करता करता स्पर्धा परीक्षा देणारे उमेदवार आणि त्यांचे पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. वयोमर्यादा, शारीरिक निकष आणि पात्रता यांत अधूनमधून बदल होतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचणे आवश्यक आहे.

सीमासुरक्षा आणि व्यापार धोरण ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत. त्यांचा विचार एकत्र का करायचा?

कागदावर ती वेगळीच आहेत. सीमेवरील दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, सीमाशुल्क विभाग अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागात येतो आणि आयात-निर्यातीचे धोरण वाणिज्य मंत्रालय ठरवते. प्रत्यक्ष सीमेवर मात्र या तिघांसमोर उभा असलेला ट्रक एकच असतो. मे २०२५ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या डीजीएफटीने, बांगलादेशातील तयार कपड्यांची भूमार्गाने होणारी आयात बंद करून ती न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन सागरी बंदरांपुरती मर्यादित केली. ही अधिसूचना दिल्लीत निघाली, पण पेट्रापोलच्या फाटकावर माल अडवण्याचे काम सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे आले, तेथील एकात्मिक तपासणी नाक्याची व्यवस्था भारतीय भूबंदर प्राधिकरणाकडे होती आणि आजूबाजूच्या पट्ट्यातून तोच माल चोरवाटेने येऊ नये यासाठीची गस्त सीमा सुरक्षा दलाकडे. पाकिस्तानच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथून येणाऱ्या मालावर २०० टक्के शुल्क लावले गेले आणि मे २०२५ मध्ये तेथून होणारी आयात संपूर्णपणे बंद करण्यात आली. हे निर्णय सुरक्षेचे होते, पण ते व्यापारविषयक कायद्यांच्या भाषेत लिहिले गेले.

सीमा सुरक्षा दलाने पकडलेला तस्करीचा माल पुढील कारवाईसाठी सामान्यतः सीमाशुल्क विभागाच्याच ताब्यात दिला जातो. त्यामुळे यांपैकी कोणत्याही खात्यात गेलात तरी उरलेल्या दोघांचे काम समजून घ्यावे लागतेच.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे. येथून कोणतीही सीमा जवळ नाही. मग या कामाचा आपल्या शहराशी संबंध काय?

सीमाशुल्क कायदा १९६२ च्या दृष्टीने माल जेथे आयात-निर्यातीसाठी तपासून सोडला जातो, तेथे सीमेवरचेच काम चालते, मग ते ठिकाण समुद्रापासून कितीही दूर असो. अजनीचा इनलँड कंटेनर डेपो, मिहानमधील विशेष आर्थिक क्षेत्र आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ ही अशी ठिकाणे आहेत. डीजीएफटीचे प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे. स्फोटकांच्या आयात-निर्यातीला परवाना देणाऱ्या 'पेसो'चे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, मुख्यालयही नागपुरातच आहे, आणि ही गोष्ट नागपूरकरांनाच फारशी ठाऊक नसते याचे नवल वाटते.

अजनीहून निघणारा तांदळाचा एक कंटेनर डोळ्यांसमोर आणावा. निर्यातदाराचा कस्टम्स ब्रोकर, ज्याला बाजारात आजही सीएचए म्हणतात, तो 'आइसगेट' या संगणकीय प्रणालीवर शिपिंग बिल दाखल करतो. त्यात मालाचा आठ अंकी वर्गीकरण क्रमांक, वजन, किंमत, खरेदीदार देश आणि मागितलेले परतावे नोंदलेले असतात. जोखीम व्यवस्थापन प्रणाली त्या बिलाकडे पाहून ठरवते की माल उघडून पाहायचा की कागदपत्रांवरच सोडायचा. उघडायचा ठरला तर निरीक्षक पोती मोजतो, नमुना काढतो, जाहीर केलेला तांदूळ उकडा आहे की पांढरा हे पाहतो आणि कंटेनरला पुन्हा बाटलीच्या आकाराचे सील ठोकून त्याचा क्रमांक प्रणालीत भरतो. त्यानंतर 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर' मिळते आणि कंटेनर रेल्वेने न्हावा शेव्याकडे जातो. कायद्याच्या लेखी तो कंटेनर देशाबाहेर जाण्यास येथेच मोकळा झालेला असतो, आणि बंदरात सर्वसाधारणपणे फक्त सील शाबूत आहे का एवढेच पाहिले जाते.

धोरण नेमके कोण ठरवते? बातम्यांमध्ये तर 'केंद्राने बंदी घातली' एवढेच असते.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने सर्वप्रथम हाच फरक समजून घ्यावा, कारण बहुतेक उमेदवार मुलाखतीपर्यंत पोहोचूनही येथे गोंधळलेले असतात. मालाला परवानगी द्यायची की बंदी घालायची, हे विदेश व्यापार (विकास व नियमन) कायदा १९९२ खाली डीजीएफटीच्या अधिसूचनेने ठरते. शुल्क किती लावायचे किंवा किती माफ करायचे, हे सीमाशुल्क कायद्याखाली अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेने ठरते.

भंडारा-गोंदियाच्या तांदळाचेच उदाहरण घ्यावे. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली, ती डीजीएफटीची. महिना उलटल्यावर, २५ ऑगस्टला, उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क आले, ते अर्थ मंत्रालयाचे. एकाच पिकावर पाच आठवड्यांत दोन मंत्रालयांनी दोन वेगळी हत्यारे वापरली आणि विदर्भातील गिरणीमालकाला ही दोन्ही कागदपत्रे वेगवेगळी वाचावी लागली. पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस उठली, तीही सुरुवातीला किमान निर्यात मूल्याच्या अटीसह.

कापसात चित्र उलट आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर शुल्क आले आणि ते अधिभारासह ११ टक्के होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते माफ करण्यात आले आणि नंतर त्या माफीची मुदत डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत वाढवली गेली. सूतगिरण्यांना दिलासा आणि यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याला धास्ती, असे दोन्ही परिणाम या एका पानाच्या अधिसूचनेने होतात. शिवाय आपल्या हातात नसलेले धोरणही असते. बांगलादेशाने २०१९ नंतर संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवत नेले आणि २०२३ च्या हंगामात ते किलोमागे ८८ रुपयांपर्यंत पोहोचले, तेव्हा वरुड-मोर्शीच्या बागाईतदारांचा एक मोठा ग्राहक जवळजवळ हातचा गेला. असे प्रश्न वाटाघाटींच्या टेबलावर मांडणे हेही याच क्षेत्रातले काम आहे.

मला थेट धोरण तयार करण्याच्या कामात जायचे आहे. त्यासाठी कोणती परीक्षा द्यावी?

थेट जाण्याचा रस्ता अतिशय अरुंद आहे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून मिळणारी भारतीय व्यापार सेवा ही या कामाच्या सर्वांत जवळची सेवा होय. तिचे अधिकारी डीजीएफटी आणि वाणिज्य विभागात काम करतात. मात्र त्या सेवेतील जागा इतक्या थोड्या असतात की केवळ तिच्यावर डोळा ठेवून तयारी करणे व्यवहार्य नाही. भारतीय महसूल सेवेच्या सीमाशुल्क व अप्रत्यक्ष कर शाखेत जागा अधिक असतात आणि तिचे अधिकारी प्रतिनियुक्तीवर वाणिज्य विभाग, व्यापार उपाययोजना महासंचालनालय आणि परदेशांतील दूतावासांतही जातात. आयएएस आणि आयएफएस अधिकाऱ्यांनाही वाणिज्य विभागात आणि जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेच्या कायमस्वरूपी मिशनमध्ये नेमले जाते.

आमचे मत असे की सुरुवात अंमलबजावणीपासून होणे ही या व्यवसायातील अडचण मानू नये. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला व्यापार करार १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला करार त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस लागू झाला. अशा करारांत मालाचे मूळ कोणत्या देशाचे मानायचे याचे नियम हा सर्वांत चिवट भाग असतो. तिसऱ्या देशातील माल करारातील देशात नुसता उतरवून, नवे वेष्टन चढवून, सवलतीच्या शुल्काने आत आणण्याचे प्रयत्न सतत होतात, आणि त्यासाठीच सप्टेंबर २०२० पासून आयातदाराकडून मूळ देशाविषयी सविस्तर माहिती मागण्याचे नियम लागू झाले. ज्याने उत्पत्ती प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यातून खोटे प्रमाणपत्र हुडकून काढले आहे, त्याला पुढच्या कराराचा मसुदा वाचताना पळवाट कोठे राहिली आहे हे चटकन दिसते, आणि वाटाघाटीच्या चमूंना अशाच माणसांची गरज असते.

आयआरएसचे, म्हणजे भारतीय महसूल सेवेचे, प्रशिक्षण नागपुरातच होते ना?

अर्धे बरोबर आहे. छिंदवाडा मार्गावरील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी ही आयकर शाखेच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. सीमाशुल्क व अप्रत्यक्ष कर शाखेच्या अधिकाऱ्यांची 'नासिन' ही अकादमी पूर्वी फरिदाबादला होती आणि आता तिचा नवा परिसर आंध्र प्रदेशातील पालसमुद्रम येथे आहे, ज्याचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. नागरी सेवा परीक्षेच्या पसंतीक्रमात या दोन शाखा स्वतंत्र लिहायच्या असतात. नाव एकच असल्यामुळे आपल्या शहरातील अनेक घरांत हा घोटाळा वर्षानुवर्षे चालत आला आहे.

कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेतून 'इन्स्पेक्टर' झाल्यास सीमाशुल्काचे काम मिळते का?

ते कोणता इन्स्पेक्टर यावर अवलंबून आहे, आणि येथे पसंतीक्रम भरताना झालेली चूक पुढे अनेक वर्षे भोगावी लागते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाखाली या परीक्षेतून तीन प्रकारची निरीक्षकपदे भरली जातात. 'सेंट्रल एक्साइज' या जुन्या नावाने ओळखला जाणारा निरीक्षक आता प्रामुख्याने जीएसटीचे काम करतो. नागपूर विभागात जीएसटी आणि सीमाशुल्क एकाच छत्राखाली असल्याने त्याची बदली अजनीच्या डेपोत किंवा विमानतळावर होऊ शकते, परंतु नोकरीचा मोठा काळ विवरणपत्रे, लेखापरीक्षण आणि करचुकवेगिरीच्या तपासात जातो. 'प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर' हा पांढऱ्या गणवेशातील अधिकारी असून जहाजांची झडती, प्रवाशांची तपासणी आणि तस्करीविरोधी गस्त हे त्याचे काम आहे. 'एक्झामिनर' आयात-निर्यातीचा माल प्रत्यक्ष तपासतो, वर्गीकरण आणि मूल्यांकन शिकतो आणि पुढे अप्रेझर, म्हणजे मूल्यांकन अधिकारी, होतो. व्यापार धोरणात रस असलेल्याने आमच्या मते एक्झामिनर हे पद वर ठेवावे. तेथे जागा कमी असतात आणि त्या मुंबईसारख्या बंदरांच्या शहरांत असतात, एवढे मात्र लक्षात घ्यावे.

तिन्ही पदे वेतनस्तर ७ मधील असून मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो आणि वयाची सर्वसाधारण मर्यादा ३० वर्षे आहे.

शारीरिक चाचणी कितपत कठीण असते?

निरीक्षकपदासाठी ती सौम्य आहे. पुरुषांना किमान १५७.५ सेंटीमीटर उंची लागते आणि १५ मिनिटांत १,६०० मीटर चालावे लागते. स्त्रियांसाठी उंचीची अट १५२ सेंटीमीटर आहे. सीमेवरील दलांत असिस्टंट कमांडंटसाठी मात्र पुरुषांना ८०० मीटर अंतर ३ मिनिटे ४५ सेकंदांत आणि १०० मीटर अंतर १६ सेकंदांत धावावे लागते. लांब उडी आणि गोळाफेकही असते. लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन मैदानावर बाद होणारे उमेदवार दरवर्षी दिसतात, आणि त्यांतील बऱ्याच जणांनी धावण्याचा सराव लेखी निकालानंतर सुरू केलेला असतो.

कोणते दल कोणत्या सीमेवर असते?

सीमा सुरक्षा दल पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या सीमेवर, इंडो-तिबेटन सीमा पोलीस दल चीनच्या सीमेवर, सशस्त्र सीमा बल नेपाळ व भूतानच्या सीमेवर आणि आसाम रायफल्स म्यानमारच्या सीमेवर. सागरी सीमेसाठी तटरक्षक दल आहे. विमानतळावर दिसणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल सीमेचे दल नव्हे. पारपत्रावर शिक्का मारणारा इमिग्रेशन विभाग त्याहूनही वेगळा आहे.

कामाचे स्वरूप सीमेनुसार पुष्कळ बदलते. बांगलादेशाची ४,०९६ किलोमीटरहून लांब सीमा नद्या, भातखाचरे आणि अगदी कुंपणाला लागून असलेल्या गावांमधून जाते. तेथे गुरे, औषधे, सोने यांच्या तस्करीशी रोजचा संबंध येतो. नेपाळची १,७५१ किलोमीटरची सीमा खुली असून नागरिकांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे सशस्त्र सीमा बलाला कुंपणाच्या आधाराशिवाय, गावकऱ्यांशी असलेल्या ओळखीवर आणि खबरींवर काम करावे लागते. चीनच्या सीमेवरील चौक्यांवर मुख्य शत्रू बहुतेक दिवशी हवामान हाच असतो.

या दलांत भरती कशी होते?

अधिकारी होण्यासाठी संघ लोकसेवा आयोगाची केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची असिस्टंट कमांडंट परीक्षा असते. पदवी आवश्यक, वय २० ते २५, आणि लेखी परीक्षा, शारीरिक चाचणी, वैद्यकीय तपासणी व मुलाखत असे टप्पे. मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. दहावी उत्तीर्ण उमेदवारांसाठी एसएससीची कॉन्स्टेबल जीडी परीक्षा आहे. त्यातील जागा राज्यनिहाय ठरतात आणि सीमावर्ती तसेच नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी त्यांतला काही हिस्सा राखलेला असतो, त्यामुळे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातील उमेदवारांनी जाहिरातीतील जिल्ह्यांची यादी अवश्य पाहावी. रंगांधळेपणा असल्यास ही दले मिळत नाहीत. त्याची तपासणी अर्ज करण्यापूर्वीच नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्यावी.

आमची मुलगी या क्षेत्रात येऊ इच्छिते. घरच्यांची काळजी रास्त आहे का?

काळजी रास्त आहे, अडवणूक रास्त नाही. वर उल्लेखलेल्या सर्व परीक्षा मुलींसाठी खुल्या आहेत. सीमाशुल्क कायद्यानुसार स्त्री प्रवाशाची अंगझडती केवळ स्त्रीनेच घ्यायची असते, त्यामुळे विमानतळावर महिला अधिकाऱ्यांशिवाय काम चालूच शकत नाही, आणि आखाती देशांतून येणारी विमाने रात्री-पहाटे उतरत असल्याने रात्रपाळीही टळत नाही. सीमेवरील दलांत निवासाची अडचण दूरच्या चौक्यांवर अजूनही जाणवते. या गोष्टी मुलीला आधी सांगून निर्णय तिच्यावर सोपवणे योग्य ठरेल.

मराठी माध्यमातून या परीक्षा देता येतात का?

काही देता येतात. नागरी सेवा मुख्य परीक्षा आणि तिची मुलाखत मराठीतून देता येते. कॉन्स्टेबल जीडी परीक्षा २०२४ पासून मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत होते. सीमाशुल्क विभागातील हवालदार पदाची एमटीएस-हवालदार परीक्षाही मराठीत उपलब्ध आहे. सीजीएल मात्र हिंदी आणि इंग्रजीतच असते. नोकरीत रोजच्या नोंदी, पंचनामे आणि नोटिसा इंग्रजी किंवा हिंदीत लिहाव्या लागतात, म्हणून मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने इंग्रजीत मुद्देसूद टिपण लिहिण्याचा सराव परीक्षेपासून स्वतंत्रपणे करावा.

रसायनशास्त्र किंवा केमिकल इंजिनीअरिंग केलेल्यांसाठी काही आहे का?

आहे, आणि नागपूरच्या विद्यार्थ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पेसोमध्ये स्फोटके नियंत्रकांची तांत्रिक पदे संघ लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. केंद्रीय महसूल नियंत्रण प्रयोगशाळेत रासायनिक परीक्षक असतात. आयात केलेले द्रव्य जाहीर केल्याप्रमाणे बेस ऑइल, म्हणजे वंगणाचे मूळ तेल, आहे की आयातीवर निर्बंध असलेले डिझेल, याचा निकाल त्यांच्या अहवालावर लागतो आणि कोट्यवधींचे शुल्क त्यावर ठरते.

याशिवाय 'स्कोमेट' यादी आहे. नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांसाठी वापरता येतील अशी रसायने, यंत्रे, सॉफ्टवेअर आणि शस्त्रसामग्री यांची ही यादी असून त्यांच्या निर्यातीला आधी परवानगी घ्यावी लागते. भारत २०१६ ते २०१८ या काळात क्षेपणास्त्र तंत्रज्ञान, पारंपरिक शस्त्रे आणि रसायने यांच्या निर्यात नियंत्रणाच्या तीन आंतरराष्ट्रीय गटांत सामील झाला आणि त्यानंतर या यादीचे महत्त्व बरेच वाढले. नागपूर परिसरात आयुध निर्माणी आणि खासगी स्फोटक उद्योग दोन्ही असल्यामुळे ही यादी वाचता येणारा आणि परवान्याचा अर्ज बिनचूक भरणारा माणूस येथील कंपन्यांना लागतो. रसायनशास्त्र येते आणि कायदाही वाचता येतो, असे उमेदवार थोडेच सापडतात.

सरकारी परीक्षा न देता या क्षेत्रात येता येईल का? मी बी.कॉम. आहे.

येता येईल. कस्टम्स ब्रोकरच्या कचेरीत मदतनीस म्हणून एच कार्डावर सुरुवात होते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर जी कार्ड मिळते आणि त्यानंतर कागदपत्रांवर सही करण्याचा अधिकार येतो. स्वतःच्या परवान्यासाठी २०१८ च्या नियमांनुसार पदवी आणि तिच्या जोडीला मान्य व्यावसायिक पदवी अथवा जी कार्डधारक म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. नासिनमार्फत होणारी परवाना परीक्षा कठीण असते आणि पहिल्या खेपेस ती सुटेलच असे नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि महिनाअखेरीस निर्यातीची घाई असली की घरी जायला रात्र होते. तथापि, वर्गीकरण, मूल्यांकन, शुल्क परतावा आणि परवाने यांचे जे ज्ञान येथे मिळते ते कोणत्याही वर्गात मिळत नाही. पुढे मोठ्या उत्पादक कंपन्यांच्या आयात-निर्यात विभागात, फ्रेट फॉरवर्डरकडे किंवा सल्लागार संस्थांत जाण्याचा मार्ग यातूनच निघतो.

एमबीए करायचे असल्यास १९६३ मध्ये स्थापन झालेली भारतीय विदेश व्यापार संस्था ही पहिली निवड ठरावी. तेथील प्रवेश आता कॅटच्या गुणांवर होतो आणि जागतिक व्यापार संघटनेवरील अभ्यास केंद्रही तेथेच आहे. कायद्याच्या पदवीधरांना अँटी-डंपिंगची, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्तात ओतण्याविरुद्धची, प्रकरणे आणि अपिलीय न्यायाधिकरणापुढील वकिली हे क्षेत्र खुले आहे.

सर्व काही संगणकीकृत होत असताना या नोकऱ्या टिकतील का?

काम बदलले आहे, संपलेले नाही. २०२० पासून 'फेसलेस' मूल्यांकन सुरू झाले. नागपुरात दाखल झालेल्या बिल ऑफ एंट्रीचे, म्हणजे आयातीच्या घोषणापत्राचे, मूल्यांकन आता दुसऱ्याच शहरातील अधिकारी करू शकतो आणि आयातदाराला तो कोण हे कळत नाही. माल उघडून पाहण्याचे काम मात्र स्थानिक अधिकाऱ्याकडेच राहिले आहे, आणि खरे-खोटे शेवटी तेथेच उघड होते. तपासाचे काम तर वाढलेच आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या महसूल गुप्तचर संचालनालयात, डीआरआयमध्ये, आता मोबाइलमधील संदेश आणि बँक व्यवहार वाचू शकणाऱ्यांना महत्त्व आले आहे.

या खात्यांत भ्रष्टाचार असतो असे ऐकतो. प्रामाणिक माणसाचा निभाव लागतो का?

लागतो. मोह मोठा असतो हे खरे, कारण एका सहीवर लाखोंचा माल अडतो किंवा सुटतो. धोरणाचाही यात वाटा असतो. सोन्यावर १५ टक्के शुल्क होते तेव्हा तस्कराचा नफा मोठा होता आणि म्हणून लाचेची ऐपतही मोठी होती. जुलै २०२४ मध्ये ते ६ टक्क्यांवर आणले गेले तेव्हा हे गणित बदलले. अधिकाऱ्याच्या बाजूने सांगायचे तर प्रत्येक जप्तीचा पंचनामा त्याच वेळी, दोन स्वतंत्र पंचांसमक्ष आणि वेळेच्या नोंदीसह लिहिण्याची सवय हेच त्याचे मुख्य संरक्षण आहे. सीमाशुल्क अधिकाऱ्याला कलम १०८ खाली जबाब घेण्याचे, कलम ११० खाली जप्तीचे आणि कलम १०४ खाली अटकेचे अधिकार असतात. तो पोलीस अधिकारी नसतो, पण न्यायालय या अधिकारांच्या वापराकडे बारकाईने पाहते, आणि घाईत लिहिलेला कागद प्रामाणिक अधिकाऱ्यालाही अडचणीत आणतो.

नागपुरातच कायम राहता येईल का?

सेंट्रल एक्साइज निरीक्षक किंवा टॅक्स असिस्टंट म्हणून नागपूर विभाग मिळाल्यास बराच काळ विदर्भात किंवा जवळपास राहता येते. इतर मार्गांनी आलेल्यांनी तशी अपेक्षा ठेवू नये.

तयारीसाठी क्लास लावावा का आणि रोज काय वाचावे?

गणित आणि इंग्रजी कच्चे असेल तर सीजीएलसाठी क्लासचा उपयोग होतो. नागरी सेवेसाठी जुन्या मॉरिस कॉलेजच्या आवारातील शासकीय पूर्व प्रशिक्षण केंद्राची प्रवेश परीक्षा आधी द्यावी आणि मगच खासगी क्लासच्या शुल्काचा विचार करावा. व्यापार धोरणाची समज मात्र क्लासमध्ये येत नाही. त्यासाठी डीजीएफटी आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ यांच्या संकेतस्थळांवरील अधिसूचना मुळातून वाचाव्यात. त्या दोन-तीन पानांच्याच असतात आणि आठवड्याला एक नीट वाचली तरी पुरे. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली ती काढली आहे, कोणत्या आठ अंकी क्रमांकांना ती लागू होते आणि कोणत्या तारखेपासून, हे टिपून ठेवावे. त्यानंतर बहुतेक वाचक जो परिच्छेद सोडून देतात तो वाचावा, म्हणजे वाटेत असलेल्या मालाचे काय हे सांगणारा. जुलै २०२३ च्या तांदूळ बंदीत जहाजावर भरणा सुरू झालेला किंवा अधिसूचनेपूर्वी सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात दिलेला माल काही अटींवर जाऊ दिला होता, आणि अशा वेळी डेपोत उभ्या असलेल्या कंटेनरचा निर्यातदार नुकसानीत जातो की वाचतो, हे त्या एका परिच्छेदावर ठरते.